बाप्तिस्म्याच्या पाण्यात नेमकं काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ख्रिस्ती विश्वासात पाण्याला इतकं महत्त्व का? ते नुसतं प्रतीक आहे की त्या पाण्यातच काही सामर्थ्य असतं? आशीर्वादित पाणी प्यायल्याने दुखणं बरं होतं का? आणि लहानपणी डोक्यावर पाणी ओतून झालेला बाप्तिस्मा (ख्रिस्ती मंडळीत येतानाचा पाण्याचा विधी) खरा धरायचा, की मोठेपणी पुन्हा बुडून घ्यायचा?

बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात हे चारही प्रश्न हमखास येतात, आणि बहुतेक याच क्रमाने येतात. पाळक म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पाणी हे शेवटपर्यंत पाणीच राहतं, देव ते हाताशी घेतो. आणि शरीराचं पाणी वेगळं, आत्म्याचं पाणी वेगळं अशी वाटणी पवित्र शास्त्र करत नाही. एकदा ही वाटणी केली की निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

शास्त्र लिहिणारी माणसं पाण्याच्या बाबतीत सुखवस्तू नव्हती, हे आधी ध्यानात घ्या. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की, मिसर देशात तुम्ही बी पेरून पायाने पाणी देत होता. ज्या देशात तुम्ही चालला आहात तो डोंगराखोऱ्यांचा आहे, तो आकाशातून पडणारं पाणी पितो. म्हणजे तिकडे नाईल होती, इकडे पावसाची वाट पाहायची. तोही साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच; उन्हाळा ठणठणीत कोरडा. मग खडकात हौद खोदायचे, आतून चुन्याचा गिलावा करायचा आणि हिवाळ्याचं पाणी साठवायचं. गिलाव्याला तडा गेला तर पाणी गुपचूप झिरपून जायचं, आणि हे कळायचं भर उन्हाळ्यात, पोहरा तळाला खडखडला की. यिर्मया संदेष्टा देवाच्या वतीने तक्रार करतो की माझ्या लोकांनी मला, जिवंत पाण्याच्या झऱ्याला, सोडलं आणि स्वतःसाठी फुटके हौद खोदले. ऐकणाऱ्यांच्या घरी तसा एखादा हौद असणारच. त्यांना हा दृष्टान्त उलगडून सांगावा लागला नसेल.

विहिरींवरून भांडणं तर ठरलेलीच. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची माणसं विहीर खणतात, गरारचे गुराखी म्हणतात पाणी आमचं. दुसरी खणतात, तिच्यावरूनही तेच. तिसरीवर कोणी हक्क सांगायला आलं नाही, तेव्हा कुठे इसहाकाने देवाचे आभार मानले. अब्राहामाने रानात घालवून दिलेल्या हागार या दासीची गोष्ट याच्याही मागची. मसकेतलं (कातडी पिशवीतलं) पाणी संपलं, पोराला झुडपाखाली टाकून ती बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसली, कारण त्याचं मरण तिला बघवेना. देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. तिने मसक भरून मुलाला पाणी पाजलं. त्या क्षणी तिचं तारण पाण्याच्याच रूपात आलं, आणि ते पोटात गेलं.

आता यरुशलेमेतलं शिलोहाचं तळं घ्या, कारण सगळे धागे तिथे एकत्र येतात. इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस अश्शूरी सैन्य यरुशलेमेवर चालून येणार हे दिसत होतं. गावाचा मुख्य झरा गीहोन, आणि तो तटाबाहेर उघडा पडण्याची भीती. हिज्कीया राजाने खडक फोडून भुयार काढवलं आणि झऱ्याचं पाणी शहरात वळवलं. ते भुयार आजही आहे, लांबी सुमारे ५३३ मीटर, वेडंवाकडं वळणारं. दोन टोकांकडून दोन टोळ्या खोदत आल्या आणि मध्ये एकमेकांचे आवाज ऐकून भेटल्या. तसा शिलालेखच भिंतीवर कोरलेला होता. तो १८८० साली सापडला. वेढ्यात तहानेने मरू नये म्हणून केलेलं हे निखळ व्यवहाराचं काम. त्याच पाण्यावर पुढे शिलोहाचं तळं भरायचं, आणि यहूद्यांच्या मांडवांच्या सणात याजक त्याच तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी भरून मंदिरात नेऊन वेदीवर ओतायचे. हा सण शरद ऋतूतला, म्हणजे उन्हाळा सरलेला, हौद तळाला गेलेले, पहिला पाऊस अजून यायचा. त्या सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणाला की, कोणी तान्हेला असला तर त्याने माझ्याकडे यावं आणि प्यावं. पाण्याच्या घोरात असलेल्या गर्दीसमोर, पाण्याच्याच सणात हे बोलणं म्हणजे धाडसच.

हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला. त्यातल्याच आणखी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात असा माझा आग्रह असतो. पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी एक माणूस अडतीस वर्षांच्या आजाराने खितपत पडलेला आहे. त्याची सारी आशा त्या पाण्यावर: पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होईल. येशू त्याला पाण्यापर्यंत नेत नाही. ‘ऊठ, आपली बाज उचल आणि चाल’ एवढंच म्हणतो. पाण्याचा थेंबही न लागता तो बरा होतो. (देवदूत येऊन पाणी हलवतो हे चौथं वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. पाण्याच्या चमत्कारावर प्रवचन रचणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.) नवव्या अध्यायात उलटं होतं. जन्मांध माणसाच्या डोळ्यांवर येशू मातीचा लेप लावतो आणि शिलोहाच्या तळ्यात जाऊन धू म्हणतो. तो जातो, धुतो, डोळस होऊन परततो. एकदा पाण्यावाचून, एकदा पाण्याने. सामर्थ्य पाण्यात असतं तर बेथेस्दाला ते वापरायला हवं होतं. पाणी निरुपयोगी असतं तर शिलोहाला धाडायचं कारण नव्हतं.

जुन्या करारातला नामान इथे आठवतो. अरामचा सेनापती, कोडाने ग्रासलेला. अलीशा संदेष्टा त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मार म्हणून निरोप पाठवतो, तर हा संतापतो: दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? नद्या म्हणून पाहिलं तर त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण त्याला नदीने बरं केलं नाही. ज्याने ‘जा’ म्हटलं त्याच्या शब्दाने केलं, आणि ते करण्यासाठी भिजावं मात्र लागलं.

म्हणून ‘प्रतीक की सामर्थ्य’ या प्रश्नाला मी दोन्हींपैकी एक निवडून देत नाही. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टिनने योहानावरच्या आपल्या व्याख्यानांत म्हटलं की भौतिक वस्तूला शब्द येऊन मिळतो आणि संस्कार घडतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत हेच साध्या भाषेत मांडलं: देवाच्या वचनावाचून ते पाणी नुसतं पाणी, वचनासह तो बाप्तिस्मा. बाप्तिस्ट आणि त्यांच्या वळणाच्या मंडळ्या याहून एक पायरी मागे थांबतात. पाणी हे आधीच घडलेल्या विश्वासाची जाहीर साक्ष, असं त्या मानतात. त्यांच्याकडेही वचनं आहेत. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, बाप्तिस्मा नंतर झाला. वधस्तंभावरच्या चोराला तर पाणी मिळालंच नाही, तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन मिळालं. मतभेद खरा आहे, तो मी पुसून टाकत नाही. पण पाणी आपोआप, मंत्रासारखं काम करतं, असं यातली कोणतीही परंपरा शिकवत नाही.

आणि तरीही पाणीच लागतं! तेराव्या शतकात नॉर्वेतल्या निदारोसच्या आर्चबिशपांनी रोमला विचारलं होतं की आमच्याकडे पाण्याच्या अभावी काही मुलांचा बाप्तिस्मा बिअरने झाला आहे, तो चालेल का. पोप ग्रेगरी नववे यांनी १२४१ साली उत्तर पाठवलं: चालणार नाही. पाण्यानेच नव्याने जन्म घ्यावा लागतो. हसू येतं, पण निकाल मला पटतो. श्रीमंताकडे आणि भिकाऱ्याकडे जी एक वस्तू सारखीच असते, जिच्यावाचून दोघेही काही दिवसांत मरतील, तीच इथे वापरायची आहे.

बाप्तिस्म्याबद्दल बोलताना बहुतेक जण धुण्याबद्दल बोलतात. पाप धुतलं गेलं, मन स्वच्छ झालं. हे बरोबर आहे, पण अर्धंच. धुण्यासाठी पाण्याची सोय नियमशास्त्रात भरपूर होती. निवासमंडपासमोर, म्हणजे मोशेच्या काळच्या उपासनेच्या तंबूसमोर, पितळी गंगाळ होतं, शलमोनाच्या मंदिरात दहा हात व्यासाचा गंगाळसागर होता. काना गावातल्या लग्नघरात यहूदी शुद्धीकरणासाठी दगडाच्या सहा रांजणांची रांग होती. दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही असं मानत, म्हणून मातीचे नाहीत, दगडाचे. ते काठोकाठ भरले तर आजच्या मापाने पाचशे ते सातशे लिटर पाणी होतं. उलट बाजूला येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात. त्यानेही लोकांसमोर पाणी मागवून हात धुतले, आणि दोन हजार वर्षं झाली तरी ख्रिस्ती लोक विश्वासांगीकार (उपासनेत म्हणायची विश्वासाची कबुली) म्हणताना त्याचं नाव घेतातच. नुसत्या धुण्याची मर्यादा याहून चांगली दाखवता येणार नाही.

पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात जे लिहिलं ते धुण्यापलीकडचं आहे: बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताबरोबर मरणात पुरले गेलो, त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालावं म्हणून. पाणी इथे कबर आहे. इस्राएल लोकांना समुद्राचं प्रेम कधीच नव्हतं. नोहाच्या काळी पाण्याने जग बुडवलं, तांबड्या समुद्राने फारोचे रथ गिळले, योनाच्या गळ्यापर्यंत पाणी आलं. प्रकटीकरणात नवी पृथ्वी दिसते तेव्हा समुद्र उरलेला नसतो, पण जीवनाच्या पाण्याची नदी वाहत असते. पाण्याची ही दोन्ही तोंडं बाप्तिस्म्यात एका जागी येतात. माणूस खाली जातो तेव्हा त्याचा श्वास तुटतो, वर येतो तेव्हा पहिला श्वास घेतो.

बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्याला हे हातांना कळतं. पाणी कमरेच्या थोडं वर हवं. गुडघ्याएवढ्या पाण्यात माणूस नीट बुडत नाही, छातीच्या वर असेल तर पाय सुटतात. उमेदवाराने हात छातीशी घ्यायचे, नाक धरायचं असेल तर एका हाताने धरायचं. मी एक हात मानेमागे ठेवतो, दुसऱ्याने त्याचे जुळवलेले हात धरतो, आणि सांगतो: गुडघे वाकव, मागे रेल, जोर लावू नको. पांढरा झगा आधी ओला करून घ्यावा, नाहीतर त्यात हवा भरून तो वर फुगतो. पोहता येणारी माणसं जास्त त्रास देतात. शरीर सवयीने तरंगायला बघतं. आणि जवळजवळ प्रत्येक जण अगदी शेवटच्या क्षणी ताठ होतो, कितीही विश्वासू असला तरी. शरीराला कळलेलं असतं की आता तोल आपल्या हातात नाही. बाळांच्या बाबतीत काम सोपं: पाणी कोमट, डोकं किंचित मागे झुकलेलं, म्हणजे धार कपाळावरून मागे जाते, डोळ्यांत उतरत नाही.

आता आशीर्वादित पाण्याकडे येऊ. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, ६ जानेवारीला, पाण्याला मोठा आशीर्वाद देतात. चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम या प्रवचनकाराने सांगितलं आहे की लोक या रात्री पाणी भरून घरी नेतात आणि वर्षभर जपून ठेवतात. कॅथलिक चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं, आत शिरताना बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी बहुतेक ठिकाणी ही प्रथा सोडली. मी प्रॉटेस्टंट असूनही या खुणेची टिंगल करत नाही. आपला बाप्तिस्मा झाला आहे याची आठवण रोज ओल्या बोटांनी होत असेल तर त्यात वाईट काय? पण औषध म्हणून ते पिणं, ताप अंगावर काढून त्याचे घोट घेणं, बाटल्या विकणं, हे मला अजिबात मान्य नाही. कोणताही जबाबदार धर्मगुरू डॉक्टर सोडा म्हणणार नाही. साठवलेलं उघडं पाणी कितीही प्रार्थना केली तरी साठवलेलं उघडं पाणीच. त्यात जंतू वाढतात. २०२० च्या साथीत चर्चच्या दारांतली ती भांडी रिकामी केली, ते योग्यच झालं.

याच्याच जोडीला उपासाबद्दल एक सांगतो, कारण लोक विचारतात. मोशे चाळीस दिवस पाणी न पिता राहिला, एस्तेरेने तीन दिवसांचा निर्जळी उपास सांगितला, हे शास्त्रात आहे. त्यावरून स्वतःवर प्रयोग करू नका. प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते घटलं की मूत्रपिंडं आधी तक्रार करतात, अध्यात्म नंतर. उपास करायचा तर पाणी पीत करा.

शारीरिक आणि आध्यात्मिक एकत्र कसं असतं ते पाहायचं असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडा. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना छड्यांनी फोडून काढून तुरुंगात टाकलं आहे, पाय खोड्यात. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात. तुरुंगाचा अधिकारी जीव द्यायला निघतो, पौल थांबवतो. पुढचं वचन हळू वाचा: रात्रीच्या त्याच घटकेस त्याने त्यांना नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या, आणि लगेच त्याने व त्याच्या घरच्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी कैद्यांच्या पाठीवरचं सुकलेलं रक्त धुतलं. मग ज्यांच्या जखमा धुतल्या त्यांच्याच हातून स्वतःला पाणी लागलं. ख्रिसोस्तोम यावर म्हणतो की त्याने त्यांना धुतलं आणि तो स्वतः धुतला गेला. पहिलं पाणी समाजसेवा आणि दुसरं धर्म, असा भेद हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने केलेला नाही. दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

योहानाच्या चौथ्या अध्यायातही असंच. भरदुपारी याकोबाच्या विहिरीवर दमलेला येशू शोमरोनी स्त्रीला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. तिला जिवंत पाण्याची गोष्ट सांगणारा स्वतः तहानलेला आहे, आणि त्याला पाणी मिळाल्याचा उल्लेख पूर्ण कथेत कुठे नाही. पुढे वधस्तंभावर तो ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो तेव्हा आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, हाती लागते. मग शिपाई कुशीत भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येतं. मंडळीच्या आरंभीच्या शिक्षकांनी त्यात प्रभूभोजन आणि बाप्तिस्मा पाहिला. ज्याला पाणी मिळालं नाही त्याच्यातून ते वाहिलं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. याच येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हटलं की मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिलं, आणि या लहानांतल्या एकाला प्यालाभर गार पाणी देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही. म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पिण्यायोग्य सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे असं लिहिलं, तेव्हा काहींना तो राजकारणाचा विषय वाटला. मला तो थेट मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाटतो. ज्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या हौदात पाणी काठोकाठ आहे आणि शेजारच्या वस्तीतला नळ कोरडा आहे, तिने त्या दोन पाण्यांचा एकत्र विचार करावा.

राहिला शेवटचा प्रश्न: ओतून झालेला बाप्तिस्मा. पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं ‘दिदाखे’ हे मंडळीचं छोटं मार्गदर्शन उपलब्ध आहे. त्यात क्रम असा: वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार शक्य नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसं नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. इतक्या आरंभी इतकी मोकळीक होती. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं घरातलं चर्च सापडलं, त्यातलं बाप्तिस्म्याचं कुंडही फार मोठं नाही. बुडवणं ही पूर्ण आणि बोलकी खूण आहे, जमेल तिथे तीच करावी, हे माझं मत. पण पाण्याच्या मापावरून कोणाचं तारण ठरवू नये. या वादात माणसं मेलेली आहेत. प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा दिल्याबद्दल फेलिक्स मांझ याला झुरिचच्या नगरसभेने ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मात नदीत बुडवून मारलं. बाप्तिस्म्याची शिक्षा म्हणून पाणीच निवडलं, आणि शिक्षा देणारे स्वतःला सुधारक म्हणवत होते.

३१४ साली आजच्या फ्रान्समधल्या आर्ल इथल्या परिषदेने ठरवलं की त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर पुन्हा देऊ नये, मग तो दुसऱ्या गटात का झालेला असेना. १९८२ साली लिमा इथे तयार झालेल्या, बऱ्याच परंपरांच्या संयुक्त निवेदनातही बाप्तिस्मा पुन्हा देण्यासारखा नाही असंच म्हटलं आहे. लहानपणचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे असं मनापासून मानणाऱ्या मंडळीत तुम्ही जात असाल, तर तिथल्या पाळकांशी बसून बोला. त्यांच्या लेखी हे दुसऱ्यांदा नसतं. फक्त ‘पहिल्या वेळी पाणी कमी पडलं’ किंवा ‘तेव्हा मला काही जाणवलं नाही’ एवढ्याच कारणासाठी पुन्हा उतरू नका. आणि बाप्तिस्मा झाला की नाही हेच नक्की नसेल, चर्चच्या नोंदवहीत नाव सापडत नसेल, पाहणारं कोणी हयात नसेल, तर त्यालाही जुनी वाट आहे. कॅथलिक आणि इतर काही मंडळ्यांत सशर्त बाप्तिस्मा देतात: ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुझा बाप्तिस्मा करतो’ अशी सुरुवात करून. आधी नोंदवही मात्र नीट शोधा. नाव बहुधा आईवडिलांच्या मूळ मंडळीच्या वहीत निघतं.